गोळीला गुण नाही

"गुण येत नाही म्हणता? एकूण किती दिवस झाले?" डॉक्टरांनी विचारलं.

"झालं की वर्ष," चष्मेवाला टेबलाकडे बघत म्हणाला.

शेजारच्या खुर्चीत त्याची बायको पर्सच्या बंदाशी चाळा करत बसली होती. असल्या गोष्टी परक्यासमोर बोलायच्या म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण नियमच तसा होता. पुरुषांच्या त्या तक्रारीवरची ही रोजची गोळी किती वर्षं लागू पडते, हे डॉक्टर तपासत होते. गोळ्या फुकट, मात्र दर खेपेला रक्त द्यायचं आणि नवराबायको दोघांनी येऊन सांगायचं.

"बाकीच्यांना चौथ्या वर्षीही गुण आहे. तुम्हालाच काय झालं? ताई, तुमचं काय म्हणणं?"

"हे म्हणतात तसंच," ती पुटपुटली.

चष्मेवाला एरवी आपल्या चष्म्यांच्या दुकानात मोठा चलाख. गिऱ्हाईक 'दिसतंय, दिसतंय' म्हणालं तरी त्याच्या तोंडाकडे बघून हा भिंग बदलायचा. इथे मात्र नापास झालेल्या पोरासारखा बसायचा. त्याला तसं बघून तिला भरून यायचं.

पण तिची स्वतःची लाज वेगळीच होती. दीड वर्षापूर्वी तिची गर्भाशयाची पिशवी काढली. त्यानंतर नवऱ्याजवळ जायचं म्हणजे अंगावर काटा यायचा, इतकं दुखायचं. तो विचारायचा, "त्रास होतोय का गं?" ती हसून म्हणायची, "छे! काहीतरीच तुमचं." मग एके दिवशी त्यानेच मान खाली घालून सांगितलं, की गोळी आता काही कामाची राहिली नाही. "असू दे हो," असं तिने तोंडदेखलं म्हटलं आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. सुटल्यासारखं वाटलं तिला. नवऱ्याची नामुष्की आणि आपल्याला आनंद! इतकी शरम तिला जन्मात वाटली नव्हती.

"जास्त ताकदीची गोळी देऊन बघू," डॉक्टर म्हणाले. "नक्की फरक पडेल."

तिने पर्सचा बंद बोटाभोवती करकचून गुंडाळला.

डॉक्टर त्याला तपासायला पडद्यापलीकडे घेऊन गेले. लागू पडू नये, असं तिच्या मनात आलं आणि ती आणखीच ओशाळली.

पलीकडे डॉक्टरांनी आवाज खाली आणला. पण पडदा तो पडदाच; तिला सगळं ऐकू येत होतं.

"तुमच्या वर्षभराच्या रक्ताचे निकाल आज आले, एकातही औषधाचा मागमूस नाही. वर्षभर तुम्ही गोळी घेतलेलीच नाही. हा काय प्रकार आहे?"

चष्मेवाला उठून बसला असावा; तपासणीचं टेबल करकरलं.

"तुम्हाला काय लिहायचं ते लिहा, डॉक्टर," चष्मेवाला हळूच म्हणाला. "तिच्यासमोर तेवढं, माझ्याकडूनच होत नाही म्हणा."

"अहो, पण का?"

"तिला नाही म्हणता येत नाही हो."