पह्यले आजी

जेरुसलेमात शिकणारी मंजुषा कॉलेजच्या सहलीत बायबलातली ठिकाणं पाहायची आणि मेडशीच्या आजीला, भागिरथाबाईला, फोटो धाडायची. बुद्धविहारात कुणी टोकलं, “आपली पोर येशूच्या गावाले काय करून राह्यली?” की आजी फटकारायची, “शिकून राह्यली. तुह्या पोरीनं तं वाशीमबी पाह्यलं नाही!” त्या दिवशी रेंज रडकी, फोटोच्या जागी चाक फिरत राहिलं. फोटोखालचा पहिला शब्द तिनं, नातीनंच शिकवल्याप्रमाणे, बोट ठेवून जुळवला: ‘मृत’. रेशनकार्डावर नवऱ्याच्या नावापुढं हाच शब्द होता. पुढचं वाचवेना, तिनं फोन सुनेपुढं धरला. सुनेनं नातीची ओळ वाचली, “मृत समुद्र आहे हा, आजी! इथं बुडताच येत नाही.” तेवढ्यात फोटो उघडला. पाण्यावर उताणी पडून मंजुषा खिदळत होती. भागिरथाबाईनं डोळे पुसले. “तिले सांग, पह्यले ‘आजी’ लिहीत जाय, मंग तो मेला समुद्र!”