भोंग्यावरची फायनल

परळी स्टेशनसमोर खाजामियाँच्या गाड्यावरचा भोंगा रोज केळीचा भाव ओरडतो. आज त्यावर फुटबॉल चालू होता. अंबाजोगाईच्या मैदानात परळी विरुद्ध केज, कॉलेजच्या मुलींची पहिलीच फायनल. खाजामियाँची आरजू परळीकडून खेळत होती. अब्बांना गाडा सोडून येता येईना, म्हणून मैदानात उतरताना तिनं त्यांना फोन लावला आणि बाहेर बसलेल्या एका मुलीच्या हातात दिला. इकडं खाजामियाँनी आपला फोन भोंग्याला जोडला.

काय बोलत होती ती मुलगी! बॉल कुणाकडं, कोण घसरलं, कुणाची वेणी सुटली, सगळं डोळ्यांसमोर दिसायला लागलं. ऑटोवाले सवाऱ्या सोडून गाड्याभोवती गोळा झाले. केजनं बरोबरी केली तेव्हा तिनं त्या गोलचंही कौतुक केलं. ते मात्र ऑटोवाल्यांना आवडलं नाही.

शेवटी तिचा आवाजच फाटला. "चाचा, आरजू निघाली! दोघींना चुकवलं... गोल! जिंकली तुमची पोरगी! असा गोल मी जन्मात बघितला न्हाई!"

खाजामियाँनी डोळे पुसले. "बेटा, लई गळा बसला तुझा. आरजूसंगं घरी ये. तिच्याच वर्गात हायस का तू?"

भोंग्यातून हसू ऐकू आलं.

"न्हाई चाचा. तिच्या मैत्रिणी सगळ्या खेळायल्या होत्या. पाय मुरगळून मी एकटीच बाहेर बसले होते, म्हणून फोन माझ्याकडं दिला. मी यशोधरा. केजची कॅप्टन."