पालटलेला तक्ता

"आता मघाचे पाच शब्द पुन्हा सांगा, काका," मदतनीस म्हणाली.

काचेच्या पलीकडे, अंधाऱ्या खोलीत, काकांची मुलगी श्वास रोखून ऐकत होती. स्मृतिभ्रंश ओळखायची ही चाचणी तिनेच तयार केलेली. आपल्या माणसाची चाचणी आपण घ्यायची नाही, हा नियमही तिचाच. म्हणून मदतनीस आत आणि ती बाहेर.

बाबा नेहमीसारखेच नटूनथटून आले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. प्रयोगशाळेत सगळे त्यांना जावईबुवाच म्हणत. रुग्णांशी तुलना करायला घेतलेल्या निरोगी माणसांच्या गटात ते पहिल्या वर्षापासून होते आणि दरवर्षी पैकीच्या पैकी गुण मिळवत. मुलीला त्याचा कोण अभिमान! अलीकडे मात्र ते दुधाचं पातेलं कपड्यांच्या कपाटात ठेवत आणि शेजाऱ्याच्या दाराला आपली किल्ली लावत बसत. "वय झालं," असं म्हणत. तिलाही तेवढंच ऐकायचं होतं. आज पूर्ण गुण मिळाले की ती निर्धास्त होणार होती.

बाबांनी डोळे मिटले. "घंटा, लिंबू, पायरी, मावशी, निळा." एका दमात म्हटलं आणि ताठ बसले.

चूक की बरोबर, हे मदतनीसाने सांगायचं नसतं. तिने फक्त काचेकडे पाहिलं. आजचे शब्द होते चमचा, पूल, कापूस, आजोबा आणि पिवळा. तेच ते शब्द लोकांच्या तोंडात बसतात, म्हणून यंदाच ते बदलले होते. बाबांनी सांगितले ते गेल्या वर्षीपर्यंतचे.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. शाळा सुटली की ती तिथेच काउंटरमागे बसून गृहपाठ करायची. डोळे तपासायला ड्रायव्हर येत आणि त्यांतले काही जण भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं चक्क पाठ करून येत. डोळा अधू निघाला तर नोकरी जाईल, ही धास्ती. बाबांना ते तिसऱ्या ओळीतच कळायचं. "फारच छान वाचता हो," म्हणत ते तक्ता पालटायचे. मागे वेगळी अक्षरं. भलाभला गडी तिथे गप्प व्हायचा. बाबा कधी रागावले नाहीत. खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "घाबरू नका. नोकरी जात नाही. चष्मा लागेल फक्त."

ती दार उघडून आत गेली. मदतनीस चहा सांगायच्या निमित्ताने उठली.

"पाचही आले," बाबा म्हणाले. "बरोबर आहेत ना?"

"बाबा, कधीपासून पाठ करताय?"

बाबा ओशाळून हसले. "फिरायला जातो ना, तेव्हा म्हणत म्हणत जातो. झाली दोनेक वर्षं. बाकीचं हातातून निसटायला लागलं होतं. म्हटलं, हे तरी निसटायला नको." मग तिच्या चेहऱ्याकडे बघता बघता ते थांबले. "तक्ता पालटलास होय?"

तिने मान डोलावली.

"माझ्यासाठी नाही गं पाठ केलं, चिंगे. तू एवढी जगाच्या विसरण्यावर काम करणारी, आणि तुझाच बाप असा निघाला तर? लोक म्हणाले असते, दिव्याखाली अंधार." त्यांनी शर्टाची बाही उगाच सारखी केली. "आता तुझ्या त्या गटातून माझं नाव जाणार. म्हणजे तुझ्या काही कामाचा राहिलो नाही मी."

तिची मान खाली जाऊ नये म्हणून हा माणूस आपली भीती एकट्याने वागवत राहिला. आणि ती, जगाला 'वेळेवर दाखवा' म्हणून सांगणारी, काचेमागे बसून त्याच्या गुणांवर खूश होत राहिली. तिला रडू येत होतं आणि त्याच वेळी या लबाड म्हाताऱ्याला घट्ट मिठी मारावीशी वाटत होती.

तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"घाबरू नका," ती म्हणाली. "नोकरी जात नाही. चष्मा लागेल फक्त."

बाबांनी वर पाहिलं. हे वाक्य ते विसरले नव्हते. ते ओठांच्या कोपऱ्यातून हसले.

"नंबर बराच मोठा असणार," ते म्हणाले.

"असू दे, बाबा. चष्मा घरचाच आहे."