नव्या प्रोजेक्टरचा आकडा

नवे लेझर प्रोजेक्टर आठवडाभर बिनबोभाट चालले असते, तर यतिनला टीम लीडचं पद, रविवारची सुट्टी आणि खिडकीजवळचं टेबल, एवढं मिळायचं होतं. दुसऱ्याच दिवशी, अकराच्या शोनंतर, सातवं पोरगं बाहेरच्या कठड्यावर वाकून ओकलं आणि हे सगळं एकदम लांब गेलं.

थीम पार्कमधली ही राईड साधी होती. वीस खुर्च्यांचा हलणारा प्लॅटफॉर्म, समोर भिंतभर पडदा. पडद्यावर विमान दरीत झुकलं की खुर्च्याही झुकायच्या. जुने दिव्याचे प्रोजेक्टर काढून लेझरचे बसवले, तर चित्र इतकं स्वच्छ झालं की दरीतल्या कांगारूंचे कान मोजावेत. लोक मात्र कान मोजायच्या आत पोट धरत होते. यतिनने मॅन्युअल तीनदा वाचलं. स्वतः सहा वेळा बसून पाहिलं. त्याला काहीच झालं नाही; त्याला बोटीतसुद्धा भूक लागते. मॅनेजर केलीने गोड शब्दांत सांगितलं, शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर स्कूल हॉलिडेजमध्ये राईड बंद. आणि टीम लीडचं मग बघू.

ही राईड अकरा वर्षं सांभाळणारे विश्रामकाका महिन्यापूर्वीच घरी बसले होते. बसले म्हणजे बसवले गेले. यतिन युनिव्हर्सिटीतून नुकताच बाहेर पडला होता तेव्हा त्यांनीच त्याला इथे चिकटवलं होतं. टूनगॅबी या उपनगरातल्या त्यांच्या घरी तो दर पंधरवड्याला जेवायचा, निघताना कौमुदीकाकूंकडून डबाही न्यायचा. जेवताना मान खाली असली तरी कामावर त्याचे डोळे उघडे असत. काका रोज पार्क उघडायच्या आधी रिकाम्या राईडमध्ये एकटे बसत, आणि मग घाईघाईने स्टाफच्या बाथरूममध्ये जात. तिथून येणारा आवाज यतिनने चार-पाचदा ऐकला. सकाळी सातला माणूस ओकतो, याचा अर्थ त्याने एकच लावला: बाटली. आता वडीलधाऱ्या माणसाला हे विचारणार कसं? भीड पडली. केलीपुढे ती भीड आडवी आली नाही. नवं मशीन ऑटोमॅटिक आहे, माणूस लागणार नाही, असं तो म्हणाला. आणि काकांचं सकाळचं जरा... एवढं बोलून त्याने अंगठा तोंडाकडे नेला. शब्द उच्चारला नाही. तो केलीने फाइलमध्ये घातला.

गुरुवारी त्याने काकांना फोन केला. काका दुपारी आले, तेही सकाळपासून उपाशी. विचारपूस झाल्यावर त्यांनी एक बादली मागून घेतली आणि मागच्या रांगेत जाऊन बसले.

पहिल्या फेरीनंतर त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. बादलीवर वाकले, तोंड पुसलं आणि म्हणाले, खुर्ची चित्राच्या मागे पडतेय, थोडी पुढे घे. यतिनने खुर्ची आणि चित्र यांच्यातल्या वेळेचा आकडा बदलला. दुसरी फेरी, पुन्हा बादली. अजून घे, म्हणाले. तिसऱ्या फेरीनंतर मात्र, आता जास्त झाली, निम्मी मागे आण. चौथ्यांदा ते कोरडे बाहेर आले आणि बिस्किट आहे का विचारलं.

यतिनने आकडा लिहून घेतला.

"काका, तुम्ही रोज सकाळी हेच करत होता?"

"मग? जुनं मशीन रोज वेगळ्या पायाने लंगडायचं. मला लहानपणापासून गाडी लागते. यांना माझ्याहून चांगला काटा कुठे मिळणार?" काका बिस्किट खाता खाता हसले. "पण राईडवाल्यालाच गाडी लागते हे सांगायचं कोणाला? केलीने तब्येतीचं कारण काढलं तेव्हा म्हटलं, कळलं वाटतं हिला." मग त्यांनी वर पाहिलं. "तुला यायचा ना रे आवाज? तुला काय वाटायचं?"

"काही नाही, काका."

काकांनी हातावरचा बिस्किटाचा चुरा झटकला. मग म्हणाले, हे मशीन लंगडणारं नाही, हाच आकडा कायम चालेल. जाताना दारात थांबून त्यांनी एवढंच सांगितलं की घरी बसवत नाही. कुठलंही काम चालेल. तब्येत ठणठणीत आहे, असं केलीच्या कानावर घाल.

शुक्रवारी बाराच्या शोमधून वीसच्या वीस माणसं हसत उतरली. दोन मुली धावत जाऊन पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या. केली खूश होती. गेटवरच्या नोंदवहीत तिला काकांचं नाव दिसलं होतं. तिने यतिनला सरळच विचारलं: राईड विश्रामने लावून दिली का? तसं असेल तर आपण त्याला ओळखण्यात चूक केली असेल, सकाळच्या शिफ्टला परत घेऊ.

हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. फक्त त्याआधी यतिनला आपला अंगठा तोंडापासून खाली आणावा लागला असता, आणि तो वर कशाला नेला होता, हेही सांगावं लागलं असतं.

"आकडा आता सिस्टिममध्ये आहे," तो म्हणाला. "त्यांची गरज पडणार नाही."

"नो वरीज," केली म्हणाली, आणि फाइल होती तशी बंद केली.

पार्कला राईड मिळाली, पोरांना दरी, केलीला रांग, यतिनला पद. या सगळ्याची किंमत मोजली विश्रामकाकांनी: अकरा वर्षं पोटाने, आणि इथून पुढे नावाने.