चिंधूचा स्वेटर

सौंसरच्या विहाराच्या ओट्यावर संत्र्यांची रिकामी पेटी असायची. नको असलेलं तिच्यात ठेवावं, लागेल त्यानं न्यावं, कोणी कोणाला विचारू नये. जगावा म्हणून चिंधू नाव ठेवलेला वच्छलाचा लेक दिवाळीत तापानं गेला. त्याचा लाल स्वेटर तिनं पेटीत ठेवला. पातेली गेली, चपला गेल्या. थंडी वाढली तरी स्वेटर तिथंच. शेजारची गुणवंता म्हणाली, “बाई, साऱ्या मोहल्ल्यानं तो चिंधूच्या अंगात पाह्यला. कोणती माय आपल्या लेकराले घालन?” वच्छलानं स्वेटर उसवला, लोकर धुऊन सरळ केली, टोपी विणली आणि पेटीत ठेवली. संध्याकाळपर्यंत टोपी गेली. सकाळी गुणवंताचीच पोरगी ती घालून दारात आली. “मायनं पेटीतून आणली, मावशी. नवीकोरी हाये!” टोपी वर सरकली होती. “कान झाक, चिंधू,” वच्छला बोलून गेली. पोरीनं टोपी खाली ओढून कान झाकले.