लाडकीबाईची टोपली

टेम्पोतून नऊ जण उतरले तेव्हा नरहरीने आधी त्यांच्या कमरा बघितल्या. सात कमरांना कोयते होते.

नरहरी पालघरच्या त्या दवाखान्याचा वॉचमन, आपला म्हणायला. बोईसरची कंपनी बंद पडली म्हणून हातात काठी आली, एरवी अंगात जीव शेवग्याच्या शेंगेएवढा. सकाळी दहाला ड्यूटीवर आला तशी सिस्टर अपेक्षा म्हणाली, "पहाटे इथल्या माहीम गावचे विश्रामकाका आणलेत. हार्टचा त्रास. नातेवाईक येतील, दार सोडू नका." सांगताना तिचा हात भुवईवर गेला. तिथे सहा टाक्यांचा वण होता. गेल्या वर्षी कुणाचा तरी भाऊ दगावला आणि सलाईनचा स्टँड हिच्या कपाळात बसला. नरहरी तेव्हा जिन्याखाली दडून बसला होता. ते त्या दोघांनाच ठाऊक.

दाराशी बाकड्यावर विश्रामकाकाची बायको बसली होती, लाडकीबाई. पदर कपाळावर ओढलेला, दोन्ही हात पदराखाली, पायाशी रिकामी टोपली.

"थंडी वाजते का, आजी?"

"मग! एवढा एसी कशाला लावलाय, बोंबील टिकवायला?"

तोवर पुतण्या विक्रम पुढे घुसला. "काकी, डॉक्टर कुठाय? काकाला काय कमीजास्त झालं ना, तर एकेकाला बघून घेतो!"

"आधी माझ्याकडे बघ. वाडीतून उठलास तो तसाच आलास? हा दवाखाना हाय, नारळाचं झाड नाय. कोयता टाक टोपलीत."

"काकी, पण..."

"टाक म्हटलं ना! तुझ्या बापाचा शेंबूड पुसलाय मी या हातांनी."

हात मात्र पदरातून बाहेर आले नाहीत.

कोयता टोपलीत पडला. मग दुसरा, तिसरा. शाळेत वह्या द्याव्यात तशी बाप्ये माणसं रांगेने आली. ललितकडे कोयता नव्हता, त्याने घाबरून मनगटातलं कडं काढून टाकलं.

"काका कसा हाय?"

"निजलाय. बोंबलू नका."

काचेआड पूर्वी नावाची डॉक्टर बसली होती. पोरगीच ती. केस विस्कटलेले, एवढ्या एसीत पाठ घामाने भिजलेली. नरहरीला वाटलं, ही तर माझ्याहून भित्री.

विक्रम तिच्याकडे टवकारून बघू लागला तसा लाडकीबाईने आवाज चढवला. "तिला काय खातोस? रात्रभर छातीत कळा येत होत्या तुझ्या काकाला. मी म्हणते चल, तर हा ओव्याची पुरचुंडी करून शेकत बसला. म्हणे, सकाळी वाडीतली विड्याची पानं खुडून जाऊ. आमी आणलं उशिरा. त्या पोरीला नाव ठेवील त्याची जीभ हासडीन."

मग तिने ललितला वडापाव आणायला पिटाळलं. माणशी दोन.

"मला भूक नाय," विक्रम म्हणाला.

"खा. माझ्यासमोर खा. उभ्याने नाय, बसून. पोटभर."

पोरं खाली बसून खाऊ लागली. ती एकेकाचा घास बघत होती. अपेक्षाने तिच्यासाठी चहा आणला.

"नको गं बाय."

अपेक्षाचे डोळे भरून आले. हिलाही धडकी भरलेली दिसते, नरहरी मनात म्हणाला.

दोघांचं खाऊन झालं तशी लाडकीबाईने त्यांना उठवलं. "टेम्पो घ्या नि माकुणसारला जा. नणंदबाईंना घेऊन या, भाऊ हाय त्यांचा. आणि ही टोपली पण न्या, इथे पायात येते."

टेम्पो कोयत्यांसकट रस्त्याला लागला. नरहरीने केवढा तरी श्वास सोडला. "आजी, तुमी होता म्हणून निभावलं. काका घरी गेले की पेढे पाहिजेत हां."

लाडकीबाईने त्याच्याकडे पाहिलं. "नरहरी, आत जा. डॉक्टरणीच्या शेजारी उभा रहा. आज जिन्याखाली जायचं नाय."

नरहरीचे कान तापले; अपेक्षाने हिला सांगितलेलं दिसतं. तो आत जाऊन डॉक्टरणीच्या शेजारी उभा राहिला.

बाहेर विक्रमने शेवटचा घास गिळला, हात पँटला पुसले.

"भरलं पोट सगळ्यांचं?"

"भरलं, काकी."

लाडकीबाई उठली. काचेच्या दाराला पाठ लावून उभी राहिली आणि सकाळपासून पदराखाली धरलेले दोन्ही हात तिने पोरांपुढे केले. मनगटांत एकही बांगडी नव्हती.