खिशावरची भोकं

तिच्या पांढऱ्या कोटाच्या खिशावर पिनेची दोन बारीक भोकं होती. किरणांचा डोस मोजणारा बॅज तिथे असायचा, आज नव्हता. पेशंट सोडून या विभागात सगळ्यांना बॅज सक्तीचा होता. विसरणाऱ्याला ती स्वतः फैलावर घ्यायची.

भावाचं तिकडे लक्ष नव्हतं. तो स्क्रीनकडे बघत होता. स्वादुपिंडातली गाठ मोठ्या रक्तवाहिनीला विळखा घालून बसली होती. सर्जनने हात टेकले होते. आता सुईने गाठीत किरणोत्सर्गी दाणे पेरायचे आणि तिथेच सोडायचे, एवढंच उरलं होतं.

"हा दाणा आतड्याला फार जवळ आहे," ती म्हणाली. "कुणी आखलंय हे?"

"तुमच्या ज्युनिअरने," डॉक्टर म्हणाले. "आपल्या माणसाचा प्लॅन आपण करायचा नाही, हा नियम तुमचाच."

"चूक दिसली तर गप्प बसायचं, असा नियम नाही माझा. मागे घ्या तो."

"दाणे मोजत बस तू!" भाऊ उसळला. "बाबांना कधी सांगणार? रोज आपलं उद्या, उद्या. संमतीच्या कागदावर अजून सही नाही."

"हळू बोल. ते बाहेरच बसलेत."

"ऐकू दे! गुडघ्याचा एक्स-रे काढायचाय म्हणून आणलंय मी त्यांना. तुझा खोटेपणा माझ्या गळ्यात." तो डॉक्टरांकडे वळला. "याने बरं होईल?"

"वेळ मिळेल. दुखणं कमी होईल, कदाचित."

"कदाचित! ही आयुष्यभर इथे राबली, आणि आमच्या घराच्या वाट्याला तुमचं कदाचित!"

दारावर काठी आपटली. वडील आत आले. अंगावरचा शर्ट लोंबत होता.

"जन्मभर मास्तरकी केली मी. मागच्या बाकावरची कुजबुज मला पहिल्यापासून ऐकू येते. महिनाभर मी खोलीत आलो की तुमची तोंडं बंद. ही माझ्याकडे बघते आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसते. मी काय दूधखुळा आहे?"

"बाबा, बसा आधी," भाऊ म्हणाला.

"नाही बसत! माझ्या पोटात काय पेरायचं ते तुम्ही तिघं ठरवणार? नकोत मला तुमचे दाणे. सही करणार नाही, जा!"

तिने कोट पोटाशी घट्ट ओढून घेतला. त्यात आता आणखी एक माणूस मावला असता.

"आणि मी असं म्हटलं असतं तर?" तिने विचारलं. "नकोत म्हणून?"

"तू?" वडिलांनी काठी उगारली. "कान धरून टेबलावर झोपवली असती!"

तिने भावाच्या हातातला कागद ओढून घेतला आणि सही केली.

"मग धरा कान, बाबा. गाठ मला आहे. उद्या टेबलावर मी झोपतेय."